मालकांसाठी स्थळ

पूल अर्धा ओलांडून झाला तेव्हा मामांनी पिंजरा खाली ठेवला. "थांबा, हात बदलतो," म्हणाले. खरं तर तेव्हा पिंजरा माझ्याकडे यायला हवा होता. शंभर पावलं त्यांनी न्यायचा आणि शंभर पावलं मी, असं निघतानाच ठरलं होतं. पण मामांची मोजणी भलतीच. ऐंशी झाली की पुन्हा सत्तरावर यायचे आणि माझ्या वाटणीची पावलं गुपचूप स्वतःच चालून टाकायचे.

"मामा, शाळेत गेला होतात ना?"

"गेलो होतो की. मास्तरांचे केस दाट होते, एवढं आठवतं."

मी पिंजरा उचलला. त्याच्यावर पांढरं कापड टाकलेलं होतं, सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतात ते. कापडाच्या आत मालक होते, आणि मालक गेले सहा दिवस एक शब्द बोलले नव्हते.

मालक म्हणजे पोपट. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा. तीस वर्षांपूर्वी मामांच्या सलूनमध्ये एक गिऱ्हाईक आलं, दाढी करून घेतली, "संध्याकाळी येऊन नेतो" म्हणून पिंजरा ठेवून गेलं. ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. पिंजरा दाराजवळच्या आकड्याला टांगला गेला. नवा माणूस आत शिरला की विचारायचा, "मालक कुठायत?" मामा हातातल्या कात्रीने पिंजऱ्याकडे खूण करायचे. तेच नाव पडलं.

आणि मामा हे नक्की कुणाचे मामा, ते कुणाला ठाऊक नाही. आजोबाही त्यांना मामा म्हणत आणि नातूही. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान त्यांच्या सलूनला लागून आहे. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कुणी बारीक झालं की कपडे आत घ्यायचे, कुणी जाड झालं की बाहेर सोडायचे. मधली भिंत एका विटेची. तिकडे कात्री वाजायची, इकडे मशीन. बावीस वर्षं आम्ही अशी पाठीला पाठ लावून काढली. मागच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या, माझ्याही दोन.

मालकांना शब्द थोडेच यायचे, पण सगळे कामाचे. "बसा." "पुढचे कोण?" आणि "मान खाली." हा तिसरा शब्द ते अशा काही जरबेने बोलत की एकदा एक मोठे साहेब आल्या आल्या खुर्चीत बसून मान खाली घालून राहिले. मामा तोवर मागे हात धूत होते. "माझ्यापेक्षा ह्याचंच ऐकतात," ते मला सांगायचे. "मी नुसता कारागीर."

मामा बुटके, चौऱ्याहत्तर वर्षांचे. खिशात कायम एक फणी. सलूनमध्ये लोक काय काय बोलतात, पण इकडचं तिकडे केल्याचं मी कधी ऐकलं नाही. "डोक्याच्या बाहेरचं सांगतो. आतलं ज्याचं त्याच्याकडे," असं म्हणायचे. त्यांचा एकच ठाम विश्वास होता. माणूस तोंडाने खोटं बोलेल, पण डोकं हातात आलं की ते खरं सांगतं. कुणाची मान लाकडासारखी ताठ, कुणी आरशातून पहारा ठेवतो, कुणी "तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणतो आणि कात्री लागली की खांदे वर चढवतो. एखादाच अंग सैल सोडून बसतो. "त्याच्या घरी मी डोळे मिटून पाणी प्यावं," मामा म्हणत.

त्यांनी आयुष्यात एकाच बाईच्या केसांना कात्री लावली, मामींच्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी अर्धं शटर ओढून घ्यायचे आणि मामींना त्याच खुर्चीत बसवून टोकं कापून द्यायचे. मला ते भिंतीतून कळायचं. त्या दिवशी कात्री फार सावकाश चालायची. नऊ वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यानंतर महिन्याच्या शेवटच्या दिवशी शटर पूर्ण उघडं असायचं.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी थोडं, मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. तो बिचारा भला माणूस, स्वतःच तुरटी फिरवून घेतली आणि "मामा, कान काय, दोन आहेत" म्हणाला. पण मामांनी वस्तरा मिटून डब्यात ठेवला, तो पुन्हा उघडला नाही. कात्री-कंगव्यावर वर्षभर रेटलं. मग मुलगा म्हणाला, बाबा, आता आमच्याकडे या. मामांनीही हट्ट केला नाही. महिनाअखेरीला दुकानाची किल्ली परत द्यायची ठरली.

अडलं ते मालकांशी. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि सुनेला दमा. डॉक्टरांनी सांगितलं, पिसांचा भुगा घरात नको. सून गुणाची, रडायला लागली, "बाबा, मी औषध वाढवून घेते" म्हणाली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा श्वास आधी. मालक नंतर."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी एका कोटाला अस्तर लावत होते. "ताई," ते म्हणाले, "ह्या जातीचे पोपट साठ-साठ वर्षं जगतात. मालक असतील पस्तीसेक. म्हणजे अजून पंचवीस वर्षं आहेत त्यांच्याकडे. माझ्याकडे नाहीत. कुणाच्या तरी पदरात नीट घालून जायला हवं."

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. हा त्यांचाच शब्द. दाराबाहेर कागद चिकटवला, चार-पाच जण विचारायला आले. मामांनी कुणालाच लगेच होकार दिला नाही. पिशवीत कात्री, कंगवा, कापड टाकायचे आणि त्या घरी जायचे. चहा झाला की म्हणायचे, "आलोच आहे, तर जरा मागचे केस नीट करून देतो." कुणाला वाटायचं, म्हातारा प्रेमाने करतोय. मामा परीक्षा घेत असायचे.

"माझा हात हलतोय हे दिसतंय," ते मला समजावत, "तरी जो माणूस डोकं सैल सोडतो, तो दुसऱ्यावर भरवसा टाकू शकतो. आणि ज्याला भरवसा टाकता येतो त्याच्याकडे पाखरू सुखात राहतं."

पहिलं स्थळ एका निवृत्त शिक्षकांचं. घर हवेशीर, गॅलरीत ऊन. मामा तासाभरात परत.

"काय झालं?"

"सारखं सांगत होते, इकडे कमी, तिकडे जास्त, ही रेघ सरळ नाही. मालकांना रोज परीक्षेला बसवतील. ह्या वयात जमायचं नाही त्यांना."

दुसरं स्थळ बेकरीवाल्याचं. त्याच्या बायकोला पोपटाची फार हौस होती, तीच दोनदा येऊन गेली होती, मालकांना सफरचंदाची फोड देऊन गेली होती. मामांनी नवऱ्याचे केस कापले आणि नकार दिला. मान ताठ होती म्हणे.

"अहो मामा, दाणा-पाणी करणार ती बाई, आणि डोकं तपासताय नवऱ्याचं?"

"मग बाईचं डोकं मी कसं तपासू? बायका कुठे येतात माझ्या खुर्चीत?"

"म्हणून अर्धं जग बाद?"

मामांनी फणी खिशातून काढली आणि परत खिशात घातली. उत्तर सुचलं नाही की ते असं करत.

रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, ताई, तुमच्याकडे कपडे टाकणाऱ्यांत कुणी आहे का. मी आठवून आठवून नावं सांगायचे. मला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. मीही आपण होऊन म्हटलं नाही. नाही म्हणाले असते तर उरलेले दिवस त्या भिंतीशी पाठ लावून बसणं अवघड झालं असतं. देवाच्या मनात असेल ते होईल, असं म्हणून मी सुईत दोरा ओवायचे.

तिसरं स्थळ मिळालं आणि मामा हरखले. नदीपलीकडच्या गोदामांवर रात्रपाळी करणारा वॉचमन, पंचेचाळिशीचा, एकटा. मामांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं न बांधलं तोच त्याने अंग सोडून दिलं.

"तीन मिनिटांत डोकं माझ्या तळहातावर," मामा भिंतीला टेकून सांगत होते. "ताई, बाळाचं डोकं असतं ना, तसं जड आणि मऊ. पन्नास वर्षांत असं डोकं मिळालं नाही. हेच ते घर."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी, "दिवसा घरी असतो का हो तो?" हा साधा प्रश्नसुद्धा विचारला नाही. ते माझंही चुकलंच.

पाठवणीला मीही गेले. जाताना बसमधून गेलो. मालकांनी कंडक्टरला "मान खाली" म्हणून सुनावलं आणि अख्खी बस हसली. मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले. "आठव्या दिवशी बघायला येतो," असं त्यांनी वॉचमनला बजावून सांगितलं होतं. तो आठवा दिवस म्हणजे आज. मी दुपारी दुकान बंद केलं आणि बरोबर निघाले.

दार वॉचमननेच उघडलं. डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली. खोलीत एकच खिडकी, तिला जाड खाकी कागद लावलेला, उजेडाची एक रेघ येईल तर शपथ. कोपऱ्यात पिंजरा आणि त्याच्यावर घोंगडी.

"मामा, मी वाईट माणूस नाही," तो आधीच बोलला. "पहिले दोन दिवस हा सकाळी सात वाजल्यापासून 'पुढचे कोण, पुढचे कोण.' मी बाराला झोपतो, एकला उठतो. म्हणून घोंगडी टाकली. तिसऱ्या दिवशी बोलायचा थांबला. मला वाटलं रुळला. रात्री मी कामावर, हा एकटा. परवापासून छातीची पिसं उपटतोय."

त्याने उशीखालून कागदाची पुडी काढली. त्यात राखाडी पिसं होती, एकही न टाकलेली. "फेकवली नाहीत," म्हणाला.

मामा त्याच्या खाटेवर बसले. पुडी त्यांनी मांडीवर उघडून धरली. मग त्यांनी हळूच विचारलं, "मी केस कापले त्या दिवशी तुम्ही किती झोपला होतात?"

"त्या दिवशी? छे. सलग दोन पाळ्या झाल्या होत्या. डोळ्याला डोळा लागला नव्हता. तुमचा हात डोक्याला लागला आणि मला मधेच झोप लागली. तुम्हाला राग आला असेल."

"राग नाही," मामा म्हणाले. "माझीच चूक आहे."

आम्ही पिंजरा घेऊन उंबऱ्याबाहेर पडलो, पण चार पावलांवर मामा थबकले, परत आत गेले. "तुमच्या डाव्या कानामागे थोडं राहून गेलंय. बसा." पिशवीतून कात्री काढली आणि तेवढं नीट करून दिलं. वॉचमन ह्या वेळी टक्क जागा होता. मान लाकडासारखी.

परतीच्या बसचा कंडक्टर निराळा होता. पिंजरा चालणार नाही म्हणाला. मामा म्हणाले, माझं तिकीट काढतो, त्याचंही काढतो, तो उभ्याने येईल. कंडक्टर म्हणाला, उभ्याने येऊ दे नाहीतर बसून, उद्या माझ्यावर तक्रार आली तर तुम्ही याल का? मामा खाली उतरले. दीड तासाची वाट होती. म्हणून शंभर शंभर पावलं.

तर पुलावर मी पिंजरा उचलला आणि निघाले. खाली पाणी संथ होतं. मामा माझ्या बाजूने, रिकामा हात पिंजऱ्याच्या तळाखाली धरून चालत होते, जणू तळ पडेल.

"पन्नास वर्षं डोकी धरली," ते म्हणाले, "आणि झोप कुठली आणि भरवसा कुठला, हे ओळखता आलं नाही."

"मामा, भरवसा असल्याशिवाय झोप लागत नाही."

"ते लेकरांचं. ह्याला दोन पाळ्यांनी लागली." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "तीन दिवस राहिले, ताई. आता कुणाच्या डोक्यावर हात ठेवायलासुद्धा भीती वाटते. माझी परीक्षाच खोटी निघाली, तर मी कशावरून ठरवू?"

मी एकोणपन्नास, पन्नास असं मोजत राहिले.

पूल संपतो तिथे एक नळ आहे आणि झाडाखाली बाक. आम्ही टेकलो. मामांनी पिंजऱ्यावरचं कापड काढलं, घडी करून मांडीवर ठेवलं. मालक दांडीच्या एका टोकाला, अंग आखडून. छातीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, गुलाबी. मामांनी खिशातून सूर्यफुलाची बी काढून गजांतून धरली. बी थरथरत होती. मालकांनी ती घेतली, चोचीत फिरवली आणि खाली टाकली. मामांनी दुसरी धरली. तीही टाकली.

मी नळावर तोंड धुतलं, ओंजळीत पाणी आणून मालकांच्या वाटीत ओतलं. मग पिंजऱ्याशेजारी बसून दम खात होते. एवढ्यात पिंजऱ्यातून शटर उघडल्याचा आवाज आला. खड्‌ड्‌, मधे जरा अडकून, पुन्हा खड्‌ड्‌. माझ्या दुकानाचं शटर असंच अडकतं. नंतर कुणीतरी घसा खाकरला. आणि माझ्याच आवाजात, अगदी हळू, मालक म्हणाले:

"देवा, माझ्या हातून आज कुणाचं काही बिघडू देऊ नको."

लगेच मशीन चालू झालं. टकटक टकटक, आणि दोरा तुटल्यावर होतो तसा "अगं बाई."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. दुकान उघडताना ओठातल्या ओठात मी एवढंच म्हणते. बावीस वर्षं मला वाटत होतं, ते मला आणि देवालाच ठाऊक आहे.

"मामा, ह्याला कधी ऐकू गेलं हे?"

"रोज," मामा म्हणाले. त्यांनी चेहरा फिरवला नव्हता, पण डोळे भरले होते. "एका विटेची भिंत, ताई. मलाही रोज ऐकू येतं. हात हलायला लागला ना, त्यानंतर मी सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तुमचं शटर उघडेपर्यंत बसवून ठेवायचो. उगाच टॉवेल झटकायचा, कंगवा धुवायचा. तुमचं बोलून झालं की मनात म्हणायचो, आणि माझ्याही. मगच कात्री हातात घ्यायचो." मग म्हणाले, "त्या कानाच्या दिवशी तुम्ही गावाला गेला होतात."

मी मामांच्या हातातली पुढची बी घेतली आणि गजांतून धरली. मालक दांडीवरून एक एक पाऊल सरकत आले, बी घेतली, फोडली, साल खाली टाकलं. मामा ते बघत होते. बघता बघता त्यांनी फणी खिशातून काढली आणि परत खिशात घातली.

आम्ही पुढे निघालो. पावलं मोजायची राहून गेली, त्यामुळे पिंजरा बराच वेळ माझ्याकडेच होता आणि मामांनी एकदाही मागितला नाही. वळणावर एका सायकलवाल्याला मालकांनी "बसा" म्हटलं. तो सायकलवरच बसलेला होता, त्यामुळे बुचकळ्यात पडला.

सलूनपाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आतले दोन आरसे आधीच उतरवून भिंतीला टेकवून ठेवले होते, एकच खुर्चीसमोर राहिला होता. मामांनी पिंजरा आकड्याला अडकवला, पाणी बदललं, कापड झटकून खुंटीला टांगलं. मी माझ्या दाराकडे वळले. कुलपात किल्ली घातली आणि मागून हाक आली.

"ताई."

मामा उंबऱ्यात उभे होते. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हातात धरून ठेवला होता.

"एक मागू का? नाही म्हणालात तरी चालेल. उद्या सकाळी तुमचं ते देवाशी बोलून झालं, की पाच मिनिटं माझ्या खुर्चीत येऊन बसाल? अर्धं शटर ओढून घेतो. वेणी सोडायची, मी फक्त टोकं कापतो, दोन बोटं. वाकडं झालं तर तुमच्याकडेही कात्री आहेच." त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "मात्र रात्री पुरेशी झोप घेऊन या."